अकरा वर्षांची शाळा

‘होम अलोन’ न पाहिलेला माणूस शहरी महाराष्ट्रात शोधावा लागेल. त्यातल्या पोराचं घर आतून जे दिसतं, त्यातलं बरंचसं एका बंद हायस्कुलाच्या व्यायामशाळेत उभारलं होतं. तळघरात पाणी तुंबल्याचा प्रसंग त्याच हायस्कुलाच्या तरणतलावात चित्रित झाला. ही शाळा म्हणजे शिकागोच्या उत्तरेला नॉर्थफील्डमधलं न्यू ट्रियर वेस्ट. जवळच्या स्कोकीतलं नाइल्स ईस्ट १९८० साली बंद पडलं. ‘रिस्की बिझनेस’ आणि ‘सिक्स्टीन कँडल्स’ या दोन्ही चित्रपटांना ते कामी आलं. शाळा ओस पडली की सिनेमावाल्यांचं फावतं. मोकळे वर्ग, रांगेनं लोखंडी कपाटं, आणि मध्येच घंटा होण्याची भीती नाही.

पण या शाळा ओस का पडल्या? त्यासाठी तशाच एका बंद शाळेचा, डेस प्लेन्समधल्या मेन नॉर्थचा, हिशोब मांडून बघावा.

ओहेअर विमानतळाला लागून असलेलं डेस प्लेन्स हे युद्धानंतर झपाट्यानं वाढलेलं उपनगर. रे क्रॉकनं आपलं पहिलं मॅकडोनल्ड्स १९५५ मध्ये उघडलं ते इथंच. घरं वाढली, पोरं वाढली आणि मेन टाउनशिपच्या शाळामंडळाला एक हायस्कूल पुरेना. जुन्या मेन ईस्टमधून हॅरिसन फोर्ड १९६० साली बाहेर पडला. तोवर मेन वेस्ट सुरू झालं होतं. १९६४ मध्ये मेन साउथ उघडलं, तेव्हा ईस्टमधल्या ज्या मुलांना शेवटच्या वर्षासाठी तिकडं जावं लागलं, त्यांत हिलरी रॉडम, म्हणजे पुढच्या हिलरी क्लिंटन, होत्या. चौथी दिशा १९७० साली भरली: मेन नॉर्थ.

अमेरिकेत हायस्कूल नववी ते बारावी. १९७० साली नववीत आलेलं मूल १९५६च्या आसपास जन्मलेलं. १९५७ साली अमेरिकेत सुमारे ४३ लाख मुलं जन्मली, तो त्या लाटेचा कळस. १९६७ साली ती संख्या ३५ लाखांवर आली आणि १९७३ मध्ये ३१ लाखांवर. म्हणजे शाळेचं दार उघडलं तेव्हा १९८१च्या नववीची पोरं तीन वर्षांची होती, जनगणनेत मोजूनही झालेली. आकडे समोर होते. पण भरलेले वर्ग डोळ्यांना दिसतात, रिकामा पाळणा शाळामंडळाला दिसत नाही. त्यात पन्नासच्या दशकात घर घेतलेली जोडपी तिथंच राहिली आणि त्यांची मुलं शिकून निघून गेली. शाळेचा मोठा खर्च घरपट्टीतून चालतो. अर्ध्या भरलेल्या इमारतीसाठी ती भरायला कोण राजी होणार? १९८१ मध्ये मेन नॉर्थ बंद झालं. अकरा वर्षांत.

तीन वर्षांनी दिग्दर्शक जॉन ह्यूज तिथं आला. तो शेजारच्या नॉर्थब्रूकचा. त्या गावाचं जुनं नाव शर्मरव्हिल, म्हणून त्याच्या ‘द ब्रेकफास्ट क्लब’मधली शाळा शर्मर हाय. शनिवारी शिक्षा म्हणून डांबलेली पाच मुलं आणि एक ग्रंथालय, एवढाच मामला. मेन नॉर्थचं खरं ग्रंथालय त्याला लहान वाटलं, तेव्हा त्यानं व्यायामशाळेतच दोन मजली ग्रंथालय बांधून घेतलं. ज्या शाळेला खऱ्या मुलांसाठी पुस्तकांची एवढी ऐसपैस जागा कधी मिळाली नाही, तिला ती पाच नटांसाठी मिळाली! १९८५ साली चित्रपट आला, आणि २०१६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याला स्थान मिळालं. एरवी मेन नॉर्थचं नाव माजी विद्यार्थ्यांपलीकडे कोणाला ठाऊक असतं?

इमारत पुढं राज्य सरकारकडे गेली आणि तिथं इलिनॉयचे राज्य पोलीस आले. नाइल्स ईस्ट तर पाडलंच. त्या जागी ओकटन कॉलेज आहे. न्यू ट्रियरवाल्यांनी मात्र १९८५ मध्ये बंद केलेली वेस्टची इमारत हातची सोडली नाही. पुढं पोरं पुन्हा वाढली, आणि २००१ साली त्यांनी नववीचे वर्ग तिथं भरवले.