वाकडे जुळलेले हाड

मोडलेले हाड जुळते, हे आपल्याला ठाऊक आहे. पण तुकडे जसे राहतील तसे ते जुळते. सरळ ठेवले तर सरळ, वाकडे राहिले तर वाकडे.

कोपरापासून मनगटापर्यंत आपल्या हातात दोन हाडे असतात. तळहात उलटासुलटा करताना एक हाड दुसऱ्याभोवती फिरते. त्यातले एक वाकडे जुळले, की हात पुरता वळत नाही. मग ओंजळीत पाणी घेणेही जड जाते.

अशा वेळी डॉक्टर हाड पुन्हा कापतात, सरळ करतात आणि धातूची पट्टी स्क्रूने बसवतात. पण कापायचे नेमके कुठे? फिरवायचे किती? हाड मांसाखाली दडलेले. थोडाच भाग दिसतो.

1895 साली रॉन्टजेन या जर्मन शास्त्रज्ञाने क्ष-किरण शोधले. हाडांचे फोटो निघू लागले. पण हे फोटो सपाट. हाडाला पडलेला पीळ त्यात नीट कळत नाही. पुढे 1971 साली इंग्लंडात पहिल्यांदा रोग्याचे सीटी स्कॅन झाले. काकडीच्या चकत्या कराव्यात, तसे यात शरीराचे पातळ पातळ फोटो निघतात. संगणक, म्हणजे कॉम्प्युटर, ते एकावर एक रचतो. मग पडद्यावर हाड चहूबाजूंनी दिसते.

आता युक्ती पाहा. दोन्ही हातांचे स्कॅन काढतात. चांगल्या हाताचे हाड संगणक आरशातल्यासारखे उलटे करतो आणि वाकड्या हाडाशी ताडून पाहतो. फरक कळला, की डॉक्टर आधी पडद्यावरच हाड कापून जुळवून पाहतात.

मग त्या बेताप्रमाणे एक साचा छापतात. हे छापणे शाईचे नव्हे, बरं का! यंत्र प्लॅस्टिकचे थरावर थर देऊन वस्तू घडवते. हा साचा त्याच माणसाच्या हाडावर चपखल बसतो. त्यात भोके आणि फट ठेवलेली असते. सुतार फर्मा ठेवून गिरमिटाने भोके पाडतो ना, तसेच हे. साचा आधी निर्जंतुक करतात. काम झाले की काढून घेतात.

कुणी म्हणेल, "मग यंत्रच सगळं करतं होय?" तसं नाही. बेत डॉक्टरांचा आणि हातही डॉक्टरांचाच. साचा फक्त वाट दाखवतो. तो तयार व्हायला वेळ लागतो, पैसाही लागतो. प्रत्येक मोडीला तो लागतही नाही. पुष्कळ हाडे वेळेवर नीट बसवली, तर प्लास्टरनेच सरळ जुळतात.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. हाड मोडले तर चोळू नका, ओढू नका, पट्टी करकचून आवळू नका. फळीचा आधार द्या, हात झोळीत घ्या आणि लगेच दवाखाना गाठा. बोटे निळी पडली किंवा बधिर झाली, तर क्षणभरही थांबू नका. आज बसवलेले हाड उद्याचे कापणे वाचवते.