हेलिकॉप्टरचं इंजिन हवेत बंद पडलं तर? खरा धोका कुठे असतो ते जाणून घ्या

इंजिन बंद पडलं की हेलिकॉप्टर दगडासारखं खाली कोसळतं, असं बऱ्याच जणांना वाटतं. पण तसं नसतं. मग अपघात कशामुळे होतात? चला, समजून घेऊया.

ऑटोरोटेशन म्हणजे काय?

इंजिन बंद पडताच पायलट 'कलेक्टिव्ह' नावाचा दांडा खाली करतो. त्यामुळे पात्यांचा कोन कमी होतो. हेलिकॉप्टर खाली येऊ लागतं आणि खालून वर जाणारी हवा पाती फिरती ठेवते. वाऱ्यावर भिंगरी फिरते ना, तसंच. जमिनीजवळ आल्यावर पायलट नाक उचलून वेग कमी करतो, मग दांडा वर ओढतो आणि फिरत्या पात्यांमधल्या ऊर्जेवर हेलिकॉप्टर टेकवतो.

पण यासाठी हाताशी पुरेशी उंची किंवा पुढे जाण्याचा वेग हवा. खूप खालून आणि हळू उडताना इंजिन गेलं, तर हे सगळं करायला वेळच मिळत नाही. म्हणून विनाकारण खालून उडवणं म्हणजे स्वतःच वाट बंद करून घेणं.

छोटासा तुकडा, १६ जीव

मुख्य रोटरला इंजिनाची शक्ती गिअरबॉक्समधून मिळते. तोच तुटला आणि रोटर निसटला, तर ऑटोरोटेशनही कामाला येत नाही. गिअर झिजू लागले की धातूचे कण तेलात उतरतात. ते पकडायला आत चुंबक असलेला 'चिप डिटेक्टर' बसवलेला असतो.

१ एप्रिल २००९ रोजी स्कॉटलंडजवळ समुद्रात एक सुपर प्यूमा हेलिकॉप्टर कोसळलं आणि त्यातले सगळे १६ जण गेले. गिअरबॉक्समधल्या एका गिअरला तडा गेला होता. २५ मार्चलाच डिटेक्टरवर धातूचा एक कण सापडला होता! पण तो गिअर खराब होत असल्याचा इशारा आहे, हे ओळखलं गेलं नाही. त्यानंतर हेलिकॉप्टर ३६ तास उडालं. मेंटेनन्स म्हणजे फक्त पार्ट बदलणं नाही. सापडलेल्या खुणेचा अर्थ लावणं हे त्यातलं मोठं काम आहे.

मशीन ठीक, निर्णय चुकला

२६ जानेवारी २०२० रोजी बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंटसह ९ जणांचा अमेरिकेत हेलिकॉप्टर अपघातात मृत्यू झाला. तपासात यंत्रात बिघाड आढळला नाही. पायलट ढगांत शिरला आणि त्याचं दिशेचं भान हरपलं. आपण वर जातोय असं तो रेडिओवर सांगत होता, तेव्हा हेलिकॉप्टर खाली येत होतं! बाहेर काही दिसत नसेल तर आपला कान मेंदूला चुकीची माहिती देतो.

तुम्ही काय कराल?

केदारनाथला किंवा जॉय राइडला जाणार असाल तर एवढं लक्षात ठेवा:

• हवामानामुळे फेरी रद्द झाली तर वाद घालू नका, "जाऊ द्या ना" म्हणून पायलटवर दबाव आणू नका.
• हेलिकॉप्टरजवळ पायलटला दिसाल असं समोरून किंवा बाजूनेच जा, तेही कर्मचाऱ्यांनी खूण केल्यावर. मागे कधीच जाऊ नका. शेपटीचा पंखा फिरताना जवळजवळ दिसत नाही. एप्रिल २०२३ मध्ये केदारनाथला त्याचाच फटका बसून एका सरकारी अधिकाऱ्याचा जीव गेला.
• टोपी, ओढणी सांभाळा आणि मोबाईल खिशात ठेवा. सेल्फी पाती थांबल्यावर!

पैसे परत मिळतात, फेरी उद्याही होते. 'आज उडणार नाही' म्हणणारा पायलट भेटला, तर त्याला थँक्यू म्हणा.