जुन्या फिल्मचें स्कॅनिंग

आपल्यापैकीं कित्येकांच्या घरीं पेटीच्या तळाशीं निगेटिव्हच्या पट्ट्या पडून असतील. ॲसिटेटची फिल्म दमट व उष्ण हवेंत हळूहळू नासते. तिला व्हिनेगरसारखा आंबट वास येऊं लागला, कीं ऱ्हास सुरू झाला असें समजावें. यास्तव तीवरील चित्रें वेळींच संगणकांत उतरवून घ्यावीं, असें आम्ही आग्रहानें सुचवितों.

सपाट स्कॅनर कागदावर खालून उजेड पाडून परतलेला प्रकाश टिपतो. फिल्म पडली पारदर्शक; तिच्यांतून प्रकाश आरपार जावयास हवा. म्हणून झांकणांतहि दिवा असलेलाच स्कॅनर लागतो. ३५ मिलिमीटर फिल्मवरील चित्र अवघें २४ × ३६ मिलिमीटरांचें. दर इंचास २४०० बिंदू टिपले, तर त्याच्या लांबीवर सुमारें ३४०० बिंदू मिळतात. घरगुती छपाईस इतके पुरेत. विक्रेते याहून मोठे आंकडे सांगतात खरे, परंतु भिंगाची शक्ति त्या मानानें वाढलेली नसते.

खरा शत्रु धूळ होय. अवरक्त किरणांनीं धूळ ओळखून ती चित्रांतून पुसण्याची सोय कांहीं यंत्रांत असते. जुन्या कृष्णधवल फिल्मसाठीं मात्र ती बंद ठेवावी. तिचें चित्र चांदीच्या कणांचें असतें व चांदी ते किरण अडविते; त्यामुळें यंत्र चित्रासच धूळ समजतें! तेथें मऊ ब्रश व हवेचा रबरी फुगा हींच साधनें.

मूळ पट्ट्या टाकूं नयेत. कोरड्या, थंड जागीं ठेवाव्या. आणि चित्रांतील माणसें कोण, हें घरांतील वृद्धांस आजच विचारून लिहून ठेवावें. तें कोणतेंहि यंत्र सांगणार नाहीं.