खाली जाऊन क्लब सुधारतो का?

एप्रिल उजाडला की इंग्लंडमधल्या फुटबॉलच्या गप्पांत एक वाक्य हमखास ऐकू येतं : एकदा खाली जाऊन येऊ दे, सगळी साफसफाई होईल. बोलणारा बहुधा तळाच्या संघाचाच चाहता असतो. आठ महिने हरून हरून थकलेला. प्रीमियर लीगमध्ये २० संघ, आणि हंगाम संपताना तळाचे तीन चँपियनशिप या दुसऱ्या श्रेणीत जातात. हेच रेलिगेशन. आपल्याकडे आयएसएल सुरू झाली तीच मुळी रेलिगेशनशिवाय, त्यामुळे तळाला राहिल्याची किंमत काय असते हे आपण बहुतेक वेळा इंग्लंड-स्पेनच्या सामन्यांतच पाहिलं.

पुण्याचा मात्र या विषयाशी थेट संबंध आहे. पुण्याच्या वेंकीज उद्योगसमूहाने नोव्हेंबर २०१० मध्ये लँकेशायरमधला ब्लॅकबर्न रोव्हर्स हा क्लब सुमारे २ कोटी ३० लाख पौंडांना विकत घेतला. १९९५ साली प्रीमियर लीग जिंकलेला हा संघ. वेंकीजच्या ताब्यात तो दोनदा खाली गेला : २०१२ मध्ये दुसऱ्या श्रेणीत आणि २०१७ मध्ये तिसऱ्या. पहिल्या घसरणीने क्लबचं नुकसानच केलं. दुसरीने फायदा केला असं म्हणायला जागा आहे. मालक तेच, मैदान तेच, गाव तेच. मग फरक कशाने पडला?

गैरसमज : खाली गेलं की नको ते खेळाडू निघून जातात

प्रत्यक्षात उलटं होतं. ज्यांना बाहेर मागणी असते ते आधी जातात. ज्यांना मागणी नसते आणि ज्यांचा पगार मोठा असतो, ते राहतात. २०१२ च्या उन्हाळ्यात ब्लॅकबर्नमधून कोण गेलं ते पाहा. त्या हंगामात लीगमध्ये १७ गोल करणारा याकुबू चीनला गेला. ज्युनियर हॉइलेट क्यूपीआरला आणि मध्यरक्षक स्टीव्हन एन्झोंझी स्टोकला गेला. हाच एन्झोंझी पुढे २०१८ मध्ये फ्रान्सच्या विश्वविजेत्या संघात होता. याला साफसफाई म्हणणं कठीण आहे.

सगळं येऊन थांबतं ते करारातल्या एका कलमावर. संघ खाली गेला तर खेळाडूचा पगार आपोआप अमुक टक्क्यांनी कमी होईल, असं कलम शहाणे क्लब वर असतानाच घालून ठेवतात. संडरलंड २०१७ मध्ये खाली गेला तेव्हाची गोष्ट या बाबतीत बोलकी आहे. संघाच्या २९ पैकी १५ गोल एकट्या जर्मेन डिफोचे. त्याच्या करारात कलम होतं, पण त्याच्या बाजूचं : संघ खाली गेल्यास त्याला फुकटात निघून जाता येईल. तो गेला. आणि एक मध्यरक्षक, ज्याचा पगार त्या वेळच्या वृत्तपत्रांनी आठवड्याला ७० हजार पौंड असा छापला होता, त्याच्या करारात पगारकपातीचं कलमच नव्हतं. तो राहिला, आणि फारसा खेळलाही नाही. गोलरक्षक जॉर्डन पिकफर्ड एव्हर्टनला विकला गेला. पुढच्याच हंगामात संडरलंड चँपियनशिपमध्येही तळाला जाऊन तिसऱ्या श्रेणीत घसरला.

या चर्चेत न्यूकॅसलचं उदाहरण नेहमी दिलं जातं. २००८-०९ मध्ये केविन कीगन, जो किनियर आणि शेवटच्या आठ सामन्यांसाठी ॲलन शिअरर अशी माणसं बदलत बदलत तो संघ एका गुणाने बुडाला. मायकेल ओवेन, मार्टिन्स, बासाँग, डफ, विडुका असे मोठ्या पगाराचे बरेच जण गेले. उरलेल्यांना घेऊन ख्रिस ह्यूटनने १०२ गुणांसह चँपियनशिप जिंकली, घरच्या मैदानावर एकही सामना न हरता. तरुण अँडी कॅरोल त्या हंगामात पुढे आला, आणि जानेवारी २०११ मध्ये लिव्हरपूलने त्याच्यासाठी साडेतीन कोटी पौंड मोजले. २०१२ मध्ये न्यूकॅसल प्रीमियर लीगमध्ये पाचवा आला. खाली गेल्याने क्लब सुधारला हे सिद्ध करायला आणखी काय हवं?

पण यात सुटतं ते हे की, कोलोचिनी, नोलन, बार्टन, होसे एन्रिके, गुतिएरेझ हे दुसऱ्या श्रेणीच्या मानाने फारच वरचे खेळाडू क्लबमध्ये थांबले. त्यांचा पगार भागवायला मालक माइक ॲशली यांनी बिनव्याजी कर्ज म्हणून स्वतःचा पैसा ओतला. म्हणजे ज्याला खर्चाची छाटणी समजलं जातं ती बऱ्याच अंशी तोटा सोसण्याची ताकद होती. शिवाय क्लबचा स्वभाव काही बदलला नाही. वर आणणाऱ्या ह्यूटनला डिसेंबर २०१० मध्ये काढलं, आणि २०१६ मध्ये न्यूकॅसल पुन्हा खाली गेला. तापात वजन उतरलं म्हणून कुणी तापाला व्यायाम म्हणत नाही.

मला विचाराल तर खरं उदाहरण न्यूकॅसलचं नाहीच. ते ब्लॅकबर्नच्याच शेजारच्या, त्याच्या हाडवैरी बर्नलीचं आहे. २०१४-१५ मध्ये बर्नली १९वा येऊन खाली गेला. वर असताना क्लबने उधळपट्टी केली नव्हती, त्यामुळे खाली आल्यावर आवरायला फारसं नव्हतंच. प्रशिक्षक शॉन डाइश यांना काढलं नाही. डॅनी इंग्ज आणि कीरन ट्रिपिअर गेले. आंद्रे ग्रे आला आणि त्याने गोलांची रास लावली. पुढच्या वर्षी ९३ गुणांसह विजेतेपद, मग प्रीमियर लीगमध्ये सलग सहा हंगाम, २०१८ मध्ये सातवा क्रमांक आणि युरोपा लीगची पात्रता फेरी. प्रीमियर लीगच्या एका वर्षाचा पैसा क्लबच्या हाती होता आणि तो दुसऱ्या प्रयत्नासाठी वापरता आला. इथे खाली जाणं उपयोगी पडलं, कारण कुणी घाबरलं नाही.

गैरसमज : पॅराशूट रक्कम मिळते, म्हणजे नुकसान भरून निघतं

खाली जाणाऱ्या क्लबला प्रीमियर लीग काही वर्षं पैसे देत राहते. त्यालाच पॅराशूट म्हणतात. वरच्या क्लबांमध्ये प्रक्षेपणाच्या उत्पन्नातला जो भाग समान वाटला जातो, त्याच्या ५५ टक्के रक्कम पहिल्या वर्षी, ४५ टक्के दुसऱ्या आणि २० टक्के तिसऱ्या वर्षी मिळते. वर एकच हंगाम काढून परत आलेल्या क्लबला तिसरं वर्ष मिळत नाही.

ऐकायला चांगलं वाटतं. पण २०२३-२४ मध्ये अगदी शेवटी आलेल्या शेफील्ड युनायटेडलाही प्रीमियर लीगकडून सुमारे ११ कोटी पौंड मिळाले होते. पहिल्या वर्षीचं पॅराशूट साधारण साडेचार ते पाच कोटींचं. उत्पन्न एका उन्हाळ्यात निम्म्याहून खाली येतं, पगाराचे करार मात्र तीन-चार वर्षांचे. त्यात तोट्याची मर्यादाही बदलते. इंग्लंडमध्ये गेली अनेक वर्षं वरच्या श्रेणीतल्या क्लबला तीन वर्षांत १० कोटी ५० लाख पौंडांपर्यंत तोटा चालत होता. चँपियनशिपमध्ये ती मर्यादा ३ कोटी ९० लाखांची. आणि कात्री लागते तेव्हा आधी लागते ती कार्यालयातल्या, स्वयंपाकघरातल्या, अकादमीतल्या माणसांना. त्यांच्यापैकी कुणी पेनल्टी चुकवलेली नसते.

ब्लॅकबर्नने २०१२ मध्ये नेमकं हेच गणित चुकवलं. पॅराशूटच्या भरवशावर पहिल्याच वर्षी परत वर जाण्याचा डाव टाकला. आघाडीपटू जॉर्डन ऱ्होड्ससाठी सुमारे ८० लाख पौंड मोजले. ऱ्होड्सने गोल केले, त्याचा काही दोष नाही. पण त्याच हंगामात हेनिंग बर्ग ५७ दिवस आणि मायकेल ॲपलटन ६७ दिवस प्रशिक्षक राहिले, आणि संघ १७वा आला. डिसेंबर २०१४ मध्ये, तोट्याची मर्यादा ओलांडल्याबद्दल, नवे खेळाडू विकत घेण्यावर बंदी आली. मग टॉम केर्नी, रूडी गेस्टेड आणि शेवटी ऱ्होड्स असे एकेक विकले गेले. पॅराशूट संपलं तेव्हा खाली काहीच धरलेलं नव्हतं. मे २०१७ मध्ये ब्लॅकबर्नने शेवटचा सामना ब्रेंटफर्डच्या मैदानात ३-१ असा जिंकला. गुण नॉटिंगहॅम फॉरेस्टइतकेच, ५१. फक्त गोलफरकात दोन गोल कमी पडले आणि प्रीमियर लीगचा माजी विजेता पहिल्यांदाच तिसऱ्या श्रेणीत गेला.

गैरसमज : मोठा क्लब लगेच परत येतो

२००४ मध्ये गेलेला लीड्स १६ वर्षांनी परतला, तोही मधे तिसरी श्रेणी पाहून. नॉटिंगहॅम फॉरेस्टला २३ वर्षं लागली. शेफील्ड वेन्सडे २००० मध्ये गेला, तो गेलाच. जर्मनीत हॅम्बुर्ग बुंडेसलीगाच्या स्थापनेपासून, म्हणजे १९६३ पासून, अखंड वर होता आणि त्याचा अभिमान म्हणून स्टेडियममध्ये घड्याळ लावून बसला होता. २०१८ मध्ये गेला, २०२५ मध्ये आला. चँपियनशिपमध्ये २४ संघ असतात. पहिले दोन थेट वर जातात, आणखी एक संघ प्लेऑफमधून. गतवैभवाला तिथे गुण मिळत नाहीत.

युव्हेंट्सचं नाव इथे हटकून निघतं. पण २००६ मध्ये तो खेळात हरून नव्हे, सामन्यांसाठी पंच नेमण्यातल्या गैरप्रकाराच्या शिक्षेमुळे सेरी बी या इटलीच्या दुसऱ्या श्रेणीत गेला होता. बुफॉन, देल पिएरो, नेदवेद आणि त्रेझेगे सोबत घेऊन दुसरी श्रेणी जिंकणाऱ्या संघाला धडपडणारा क्लब म्हणता येत नाही. त्यालाही परतल्यावर दोनदा सातव्या क्रमांकावर राहावं लागलं; विजेतेपद आलं ते २०१२ मध्ये.

गैरसमज नव्हे, अर्धसत्य : जिंकण्याची सवय लागते

या दाव्यात तथ्य आहे, आणि त्याचा पुरावाही ब्लॅकबर्नच देतो. २०१७ मध्ये तिसऱ्या श्रेणीत उतरल्यावर मालकांनी एक गोष्ट केली जी आधीच्या सात वर्षांत क्वचित केली होती : प्रशिक्षकाला राहू दिलं. टोनी मोब्रे फेब्रुवारीत आले होते, त्यांना घसरण थांबवता आली नव्हती, तरी त्यांच्यावरच भरवसा ठेवला. ब्रॅडली डॅक आला आणि लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. गोलपोस्टमध्ये तरुण डेव्हिड राया पहिल्यांदाच सलग एक पूर्ण हंगाम खेळला. प्रीमियर लीगमधल्या संघात त्या वयात त्याला ही संधी मिळाली नसती. आज तो आर्सेनलचा गोलरक्षक आहे. ब्लॅकबर्नने त्या हंगामात ९६ गुण मिळवले आणि एप्रिल २०१८ मध्ये डाँकास्टरला १-० हरवून वर जाणं पक्कं केलं. ज्या मैदानात काही वर्षं निषेधाच्या घोषणाच ऐकू येत होत्या, तिथे लोक पुन्हा सामना बघायला येऊ लागले. हा फायदा ताळेबंदात दिसत नाही, पण तो खोटा नाही.

अर्धसत्य अशासाठी की सवय ज्या पातळीवर लागते तिथलीच असते. २०२३-२४ मध्ये प्रीमियर लीगमध्ये नव्याने आलेले तिन्ही संघ खाली गेले. पुढच्या वर्षी लेस्टर, इप्सविच आणि साउदॅम्प्टन या नव्या तिघांचंही तेच झालं. बर्नलीने २०२४-२५ ची चँपियनशिप ४६ सामन्यांत फक्त १६ गोल खाऊन संपवली. एवढा भक्कम बचावही वर कितपत टिकेल याची खात्री कुणी देत नव्हतं. लूटन तर २०२४ मध्ये प्रीमियर लीगमधून आणि २०२५ मध्ये चँपियनशिपमधून, असा दोन पायऱ्या लागोपाठ उतरला.

आणि खालच्या लीगमध्ये जिंकूनही वरची वाट उघडी असेल असं नाही, हे गोव्याला वेगळं सांगायला नको. पाच वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेला तिथला धेंपो क्लब २०१५ मध्ये आय-लीग या राष्ट्रीय लीगमधून खाली गेला आणि २०१६ मध्ये सेकंड डिव्हिजन जिंकून वर यायला पात्र झाला. पण त्याच वर्षी भारतीय फुटबॉलच्या नव्या आराखड्यावरून वाद झाला आणि साळगावकर व स्पोर्टिंग गोवा यांच्याबरोबर धेंपोनेही आय-लीगमधून अंग काढून घेतलं. आय-लीगमध्ये तो पुन्हा दिसला थेट २०२४-२५ च्या हंगामात.

गैरसमज : खाली गेला की वाईट मालक जातो

कधी कधी जातो. साउदॅम्प्टन २००९ मध्ये दिवाळखोरीच्या दारात तिसऱ्या श्रेणीत गेला, आणि पुढच्या हंगामासाठी त्याचे १० गुणही कापले गेले. किंमत पडल्यामुळे मार्कुस लीबहेर या स्विस उद्योगपतीने तो घेतला, आणि २०११ व २०१२ असे लागोपाठ दोनदा वर चढत क्लब प्रीमियर लीगमध्ये परतला. संडरलंडलाही २०२१ मध्ये नवा मालक मिळाला, तरुण खेळाडूंवर भर देण्याचं धोरण आलं आणि मे २०२५ मध्ये वेम्ब्लीवरचा प्लेऑफचा अंतिम सामना जिंकून तो वर पोचला. मात्र नवा मालक येण्याआधीची जवळपास तीन वर्षं तो त्याच तिसऱ्या श्रेणीत, वेगळ्या मालकांच्या हाताखाली अडकलेला होता. श्रेणी तीच होती. सुधारणा सुरू झाली ती माणसं बदलल्यावर.

न्यूकॅसलच्या ॲशलींनी २००९ मध्ये क्लब विकायला काढला आणि विकला २०२१ मध्ये. मधे आणखी एक रेलिगेशन होऊन गेलं. ब्लॅकबर्नमध्ये मे २०१२ मध्ये, विगनविरुद्धच्या त्या सामन्यात ज्याने प्रीमियर लीगचं दार बंद केलं, चाहत्यांनी क्लबच्या रंगाचं कापड पांघरलेली कोंबडी मैदानात सोडली होती. मालकांच्या कुक्कुटपालन व्यवसायावर तो टोमणा होता. त्यानंतर क्लब आणखी एक पायरी उतरला, परत चढला, २०२३ मध्ये गोलफरकाने प्लेऑफ हुकला, अकादमीत वाढलेला ॲडम व्हार्टन फेब्रुवारी २०२४ मध्ये क्रिस्टल पॅलेसला विकला गेला. वेंकीज मात्र या सगळ्यात मालक म्हणून कायम राहिले.