कचेरींतील थट्टा आणि कायदा

चार माणसें एका छपराखालीं रोज आठ तास बसलीं कीं थट्टा ही व्हावयाचीच. कोणी कोणाच्या वाढत्या पोटावर कोटी करतो, कोणी उशिरां येणाऱ्याचें टाळ्या वाजवून स्वागत करतो, आणि आंकड्यांत मान घालून बसलेल्या जिवाला घटकाभर विसावा मिळतो. अलीकडे मात्र मध्यमवयीन गृहस्थांच्या तोंडून एक गाऱ्हाणें वारंवार ऐकूं येतें : "आतां कचेरींत हंसायचीहि चोरी झाली!" श्रोतेहो, ही भीति कितपत खरी आहे, हें कायद्याच्या शब्दांवरूनच पाहूं.

राजस्थान सरकारच्या महिला-विकास योजनेंत काम करणाऱ्या एका स्त्रीनें बालविवाह थांबविण्याचा प्रयत्न केला, म्हणून १९९२ सालीं तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्यांतून 'विशाखा' नांवानें ओळखला जाणारा खटला उभा राहिला, आणि १३ ऑगस्ट १९९७ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें कामाच्या ठिकाणीं स्त्रीचा लैंगिक छळ होणें म्हणजे तिच्या समतेच्या हक्काचा भंग होय, असा निर्णय देऊन मार्गदर्शक नियम घालून दिले. संसदेचा कायदा व्हावयास मात्र २०१३ साल उजाडावें लागलें. विनोदावर रुसून कोणी हा कायदा केलेला नाहीं, एवढें ह्यावरून दिसेल.

ह्या कायद्याच्या व्याख्येंत लैंगिक छटा असलेलें बोलणेंहि येतें. परंतु व्याख्येचा सारा भार एका विशेषणावर आहे : 'नकोसें'. नकोसें कोणाला? अर्थात् जिच्याशीं तें वर्तन झालें तिला. बोलणाऱ्याच्या मनांत काय होतें, हें व्याख्या विचारीत नाहीं. मद्रास उच्च न्यायालयापुढें जानेवारी २०२५ मध्यें आलेल्या प्रकरणांत एक वरिष्ठ अधिकारी स्त्री-कर्मचाऱ्यांच्या खुर्चीमागें अगदीं खेटून उभा राही. आपण केवळ कामावर देखरेख करीत होतों, असें त्याचें म्हणणें. हेतूपेक्षां तें वर्तन समोरच्या स्त्रीला कसें वाटलें तें महत्त्वाचें, असें न्यायालयानें सांगितलें.

"नकोसें होतें, तर ती त्या वेळीं हंसली कां?" असा प्रश्न येथें हटकून येतो. ह्याचें उत्तर मी शाळेंत शिकलों. शाळातपासणीला आलेल्या अधिकाऱ्यानें एखादी शिळी कोटी केली, तरी मुख्याध्यापकांपासून शिपायापर्यंत सारे खो खो हंसत. तें हंसूं कोटीला नसे, शेऱ्याच्या वहीला असे. ज्याच्या हातीं आपली बढती, बदली वा रजा आहे, त्याच्या थट्टेला हंसणें हें पुष्कळदां नोकरीचेंच एक काम असतें.

पण म्हणून केसांविषयींचा प्रत्येक शब्द गुन्हा ठरतो काय? नाहीं. पुण्यांतील एका बँकेच्या अधिकाऱ्यानें २०२२ सालीं एका शिक्षणवर्गांत, आपले लांब केस सारखे सांवरणाऱ्या सहकारी स्त्रीला उद्देशून, "हे केस आवरायला तुम्हांला जेसीबी लागत असेल," असें म्हटलें व केसांवरील एका जुन्या हिंदी चित्रपटगीताची ओळ गुणगुणली. बँकेच्या अंतर्गत समितीनें त्याला दोषी ठरविलें. पुण्याच्या औद्योगिक न्यायालयानेंहि तोच निर्णय कायम ठेवला. मार्च २०२५ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें तो रद्द केला. त्या बाईंना स्वतःला हें बोलणें त्या वेळीं छळ वाटलें नव्हतें, हें न्यायालयानें ध्यानांत घेतलें. म्हणजे येथेंहि न्यायालय ऐकणाऱ्या स्त्रीच्या मनाकडेच वळलें, फक्त ह्या वेळीं उत्तर निराळें निघालें. तथापि तीन वर्षें त्या दोघांनाहि सोसावें लागलें असेल; तो विनोद कांहीं इतका मोलाचा नव्हता.

ह्या भीतीनें कांहीं पुरुषांनीं निराळीच युक्ति काढली आहे : बायकांना चहाला बोलवावयाचेंच नाहीं! मला हा प्रकार थट्टेपेक्षां वाईट वाटतो. नवें काम कोणाला द्यावयाचें, हें पुष्कळदां त्या चहावरच ठरतें.

शिवाय ह्या कायद्याच्या कक्षेबाहेर पुष्कळ थट्टा मोकळीच आहे. "तुम्हांला काय, तुमची जागा राखीवच!" हें वाक्य हंसत हंसत उच्चारलें जातें. अनुसूचित जातिजमातींसाठीं १९८९ चा अत्याचार-प्रतिबंधक कायदा आहे. पण त्यांत अपमानाचा गुन्हा ठरावयास पाणउतारा करण्याचा उद्देश असावा लागतो, व तो चारचौघांदेखत झालेला असावा लागतो. सबब "सहज म्हणालों हो" ही ढाल २०१३ च्या कायद्यापुढें फारशी चालत नाहीं, येथें मात्र अजून कामाला येते.

आतां थोडें घरासंबंधीं. कचेरींत दहा वा अधिक माणसें असतील तर मालकानें अंतर्गत समिति नेमलीच पाहिजे, आणि तक्रार सामान्यतः तीन महिन्यांच्या आंत लेखी करावयाची असते. परंतु कायद्याच्या व्याख्येप्रमाणें आपलें राहतें घर हेंहि 'कामाचें ठिकाण' आहे, आणि धुणींभांडीं करावयास येणाऱ्या बाई ह्या कर्मचारी. दिवाणखान्यांत वर्तमानपत्र वाचतां वाचतां त्यांच्यावर केलेली थट्टा घरांतल्यांना निरुपद्रवी वाटते. त्यांची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते, आणि तिच्यांत सकृद्दर्शनीं तथ्य दिसल्यास समितीनें सात दिवसांच्या आंत ती पोलिसांकडे पाठवावयाची असते.