दिसतं तसं नसतं!

एम-थ्रीमध्ये कोरिलेशन आपण सगळ्यांनीच केलंय. फॉर्म्युला पाठ, उत्तर ०.८ आलं की 'पॉझिटिव्ह' लिहायचं आणि पुढचा प्रश्न! पण व्हायवात नुसता चार्ट समोर ठेवून "यात संबंध दिसतो का?" असं विचारलं की भलेभले गप्प होतात. म्हणून हा लेखप्रपंच.

आधी शब्द. मी कॉन्व्हेंटवाली, त्यामुळे 'धन सहसंबंध' हा शब्द मला रूममेटने शिकवला. अर्थ सोपा आहे. एक राशी वाढते तेव्हा दुसरीही साधारणपणे वाढते. चार्टवर ठिपक्यांचा थवा डावीकडून उजवीकडे जाताना वर चढतो. एखाद-दुसरा ठिपका खाली राहिला तर बिघडत नाही. ठिपके सरळ रेषेभोवती जितके दाटीने, तितका संबंध घट्ट. रेषा किती उभी आहे यावर मात्र घट्टपणा ठरत नाही. उभ्या अक्षाची स्केल ताणली की कुठलीही टेकडी सिंहगड दिसते!

आता खरी गंमत. १९७३ साली फ्रान्सिस अ‍ॅन्सकोम्ब या संख्याशास्त्रज्ञाने ११-११ ठिपक्यांचे चार संच छापले. चारही संचांत एक्सची सरासरी ९, वायची जवळपास ७.५ आणि कोरिलेशन सुमारे ०.८१६. आकड्यांवरून चारही जुळी भावंडं वाटतात. पण चार्ट काढला तर? पहिल्यात खरोखर वर चढणारा थवा. दुसऱ्यात कमान, म्हणजे वर जाऊन शेवटी खाली वळणारी. तिसऱ्यात दहा ठिपके जवळजवळ एका रेषेत आणि एकच भरकटलेला. चौथ्यात दहा ठिपके एकावर एक उभे, सगळ्यांचा एक्स ८, आणि एकटा ठिपका दूर १९ वर. तो काढला तर एक्स बदलतच नाही, छेदात शून्य येतं आणि कोरिलेशन काढताच येत नाही!

हे फक्त पेपरपुरतं नाही. समजा, रात्रीची रीडिंग रूम चालू ठेवायची का, हे कुणी 'बसण्याचे तास आणि मार्क' अशा चार्टवरून ठरवलं. सगळे दोन-दोन तास बसणारे आणि एकच पठ्ठ्या आठ तास बसणारा टॉपर, तर रेषा वर चढेल ती त्याच्या एकट्याच्या जोरावर. तो नापास झाला असता तर तीच रेषा खाली आली असती. निर्णय मात्र सगळ्या हॉस्टेलचा!

म्हणून चार्ट समोर आला की तीन गोष्टी करा. एक, टोकाच्या ठिपक्यावर अंगठा ठेवा. चढ उरतो का बघा. दोन, थवा सरळ आहे की वळतोय ते पाहा. तीन, दोन्ही राशींना वाढवणारं तिसरंच काही आहे का विचारा. शाळेतल्या मुलांच्या बुटाचा नंबर मोठा तसं वाचनही चांगलं, असं चार्ट दाखवेल. तिथे संबंध खरा आहे, पण करामत वयाची. मोठे बूट घालून कुणी हुशार होत नाही!

थोडक्यात काय, कॅल्क्युलेटर नंतर, डोळे आधी. दिसतं तसं नसतं, म्हणून तर जग फसतं. आपण इंजिनिअर होणार ना? मग आपण तरी फसायला नको!