पाटीवरचा ‘सहकारी’ आणि ठेवीचा राखणदार

गोवंडी स्थानकापलीकडे शिवाजीनगर आणि बैंगनवाडीच्या गल्ल्यांमध्ये रोजची कमाई रोज हातात पडते. जरीकाम, शिलाई, भंगाराचा व्यवहार, हातगाडीवरची विक्री अशा धंद्यांत पहिल्या तारखेचा पगार नसतो. दिवसाकाठी पन्नास-शंभर रुपये बाजूला टाकणाऱ्या अशा माणसासाठी पिग्मी ही सर्वांत सोयीची ठेव ठरते, कारण एजंट स्वतः दुकानापर्यंत येतो. १९२८ साली उडुपीला पुढे सिंडिकेट बँक म्हणून ओळखल्या गेलेल्या संस्थेने घरोघरी जाऊन दोन-दोन आणे गोळा करण्यास आरंभ केला, तेव्हापासून ही पद्धत देशभर रुजली. पण एजंटाच्या पिशवीत गेलेल्या त्या पन्नास रुपयांचा राखणदार नेमका कोण, हा प्रश्न ठेवीदार सहसा विचारत नाही.

याचे उत्तर संस्थेच्या पाटीवर अवलंबून असते. ‘सहकारी’ या एकाच शब्दाखाली तीन निरनिराळ्या व्यवस्था नांदतात. नागरी सहकारी बँकेच्या बँकिंग व्यवहारावर रिझर्व्ह बँकेची देखरेख असते. राज्यात नोंदलेली पतसंस्था पुण्याच्या सहकार आयुक्त व निबंधकांच्या अखत्यारीत येते. ‘मल्टिस्टेट’ पतसंस्थेचा निबंधक मात्र दिल्लीत असतो. तिन्हींच्या खिडकीवर सारखेच पासबुक मिळते आणि व्याजाचा फलक पतसंस्थेचाच बहुधा अधिक आकर्षक असतो!

सहकारी बँकांवरील दुहेरी नियंत्रणाचे मूळ १९६६ मध्ये आहे. त्या वर्षीच्या १ मार्चपासून बँकिंग नियमन कायदा सहकारी बँकांना लागू झाला. परवाना, रोखता व कर्जाचे निकष रिझर्व्ह बँकेकडे गेले. नोंदणी, निवडणूक आणि संचालक मंडळाचे भवितव्य राज्याच्या निबंधकांकडे राहिले. त्यामुळे दोष रिझर्व्ह बँकेच्या तपासणीत आढळला तरी राज्यात नोंदलेल्या बँकेचे मंडळ हटविण्यासाठी तिला निबंधकांनाच लिहावे लागे. मे २०११ मध्ये महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेचे म्हणजे शिखर बँकेचे संचालक मंडळ बरखास्त झाले, ते याच वाटेने. दोन मालक असलेल्या गाईला चारा कोणी घालायचा, अशी ही स्थिती होती.

तिची किंमत मोजली ती ठेवीदारांनी. पुण्याच्या रुपी बँकेवर फेब्रुवारी २०१३ मध्ये निर्बंध आले आणि तिचा परवाना रद्द झाला तो २०२२ मध्ये. ठेव विमा महामंडळाचे पैसे तोवरच्या नियमानुसार बँक अवसायनात निघाल्यावरच मिळत. बँक जिवंतही नाही आणि मृतही नाही, अशा अवस्थेत लाखो खातेदार वर्षानुवर्षे अडकून पडले.

बदलाला धक्का मिळाला तो भांडुपमध्ये मुख्यालय असलेल्या पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेमुळे. २३ सप्टेंबर २०१९ रोजी निर्बंध लागू झाले आणि सहा महिन्यांत फक्त एक हजार रुपये काढता येतील, असे खातेदारांना सांगण्यात आले. बँकेच्या एकूण कर्जांपैकी सुमारे ७० टक्क्यांहून अधिक कर्ज एचडीआयएल या एकाच बांधकाम उद्योगसमूहात गुंतले होते आणि ते दडविण्यासाठी हजारो बनावट खाती दाखविण्यात आली होती. ही बँक बहुराज्यीय असल्याने मंडळ हटविण्यासाठी रिझर्व्ह बँकेला राज्याच्या निबंधकांकडे जावे लागले नाही. तरीही रोग वेळीच कळला नाही, हे विसरता येत नाही. दुहेरी नियंत्रणावर सर्व खापर फोडणे सोयीचे असले, तरी पुरेसे नाही.

त्यानंतर मात्र हालचाली वेगाने झाल्या. ४ फेब्रुवारी २०२० पासून ठेव विम्याची मर्यादा एक लाखावरून पाच लाख झाली. १९९३ पासून ती हललेली नव्हती. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन रिझर्व्ह बँकेला सहकारी बँकांच्या संचालकांची पात्रता पाहण्याचे आणि राज्य सरकारशी विचारविनिमय करून मंडळ निलंबित करण्याचे अधिकार मिळाले. १ सप्टेंबर २०२१ पासून निर्बंध आलेल्या बँकेच्या ठेवीदारालाही ९० दिवसांत विम्याची रक्कम देण्याची तरतूद अमलात आली. पुढे, एकेकाळी कामगारांची बँक म्हणून जन्मलेल्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेच्या तिजोरीतून १२२ कोटी रुपये गायब असल्याचे फेब्रुवारी २०२५ मध्ये उघड झाले. परंतु त्याच वर्षी ४ ऑगस्टला ती सारस्वत बँकेत विलीनही झाली. रुपी बँकेच्या नऊ वर्षांशी हे सहा महिने ताडून पाहावेत.

पिग्मीचा ठेवीदार बहुतेक वेळा या सुधारणांच्या कक्षेबाहेर राहतो. पतसंस्थेतील ठेवीला ठेव विमा महामंडळाचा विमा नाही आणि रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तिची तक्रारही चालत नाही. तिचा राखणदार म्हणजे निबंधक. त्यांचे अधिकार कागदावर थोडके नाहीत. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० मधील कलम ८३ खाली चौकशी करता येते आणि कलम ८८ खाली संचालकांकडून नुकसानीची वसुली करता येते. अडचण आहे ती या पदाच्या स्थानात. सहकार वाढविणे आणि त्यावर पहारा ठेवणे ही दोन्ही कामे एकाच खात्याकडे आहेत. निबंधकांच्या अनेक आदेशांवर राज्य शासनाकडे, म्हणजे व्यवहारात मंत्र्यांकडे, दाद मागता येते. आणि पतसंस्थेचे चालक पुष्कळदा स्थानिक राजकारणातलेच असतात. चौकशीला स्थगिती मिळण्याची सवय सहकार खात्याला नवी नाही. रिझर्व्ह बँकेच्या अधिकाऱ्याच्या मागे जशी संस्थात्मक भिंत असते तशी निबंधकांच्या मागे नाही, आणि ती उभारणे हे कोणा कर्तबगार आयुक्ताच्या नव्हे, तर शासनाच्या हातात आहे.

संस्था बुडाल्यावर १९९९ चा ठेवीदार हितसंरक्षण कायदा उपयोगी पडतो. मालमत्ता जप्त होते, विशेष न्यायालयात खटला उभा राहतो. परंतु जळगावच्या भाईचंद हिराचंद रायसोनी पतसंस्थेच्या ठेवीदारांनी ही वाट किती लांबची असते याचा अनुभव घेतला आहे. ग्राहक आयोगाचा मार्गही खुला आहे. सहकारी संस्थेचा सभासद ग्राहक म्हणून दाद मागू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये स्पष्ट केले. दिवसाची मजुरी बुडवून तारखांना हजर राहणे मात्र कितीजणांना परवडेल?

तूर्त ठेवीदाराच्या हाती राहते ती पाटी वाचण्याची खबरदारी. परवाना नसलेल्या सहकारी संस्थेला नावात ‘बँक’ शब्द वापरता येत नाही, अशी जाहीर सूचना रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये दिली होती. विमा असलेल्या बँकांची यादी ठेव विमा महामंडळाच्या संकेतस्थळावर पाहता येते. पिग्मीच्या पुस्तिकेवर संस्थेचे पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक आहे की नाही, हे पाहावे; तो क्रमांक घेऊन सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांच्या कार्यालयात शेवटचे लेखापरीक्षण केव्हा झाले आणि संस्थेला कोणता वर्ग मिळाला, याची विचारणा करता येते.